गल्ल्यावरचा माणूस

गेल्या वर्षी वसईत हॉटेल मॅनेजरांसाठी एक शिबिर झालं. विषय होता कामाचा ताण. वेळ दुपारी साडेतीन ते साडेपाच, म्हणजे जेवणाची गर्दी ओसरलेली आणि संध्याकाळची अजून लागायची असलेली. मोठ्या विचाराने निवडलेली वेळ. एवढंच, की मॅनेजरची झोपायची वेळही तीच. ताण कसा घालवावा हे ऐकायला चाळीसेक माणसं झोप बुडवून आली होती. मी आता गल्ल्यावर बसत नाही, दोन-तीन हॉटेलांचे हिशेब लिहितो. पण जुन्या ओळखीपायी मलाही बोलावणं होतं.

व्याख्याते भले गृहस्थ होते. डोळे मिटा म्हणाले, चार आकडे मोजत श्वास आत घ्या, सहा आकडे मोजत सोडा. तिसऱ्या की चौथ्या श्वासाला मागच्या रांगेत फोन वाजला. कुठल्याशा हॉटेलातला तंदूर मास्टर उचल मिळाली नाही म्हणून ॲप्रन काढून बसला होता. मग माझ्या शेजारच्याचा वाजला. पाण्याचा टँकर दारात उभा होता आणि टाकीच्या झाकणाची किल्ली याच्या खिशात होती. व्याख्यात्यांनी हसत हसत सगळ्यांना फोन बंद करायची विनंती केली. एकानेही केला नाही. त्यांना वाटलं असेल, काय बेशिस्त माणसं आहेत.

निघताना एक फॉर्म भरून द्यायचा होता. ‘आपल्या ताणाची कारणे’ या मथळ्याखाली चौकोन होते: स्वभाव, आहार, अपुरी झोप, घरगुती अडचणी, व्यसन. तळाशी ‘इतर’, आणि त्याच्यापुढे अर्धा इंच रेघ.

मला जे म्हणायचं आहे ते त्या अर्ध्या इंचातलं आहे. मी चौदा वर्षं गल्ल्यावर काढली. आधी विरार स्टेशनपासून चालत जाता येईल अशा एका लॉजवर, मग हायवेला शिरसाड फाट्याच्या अलीकडे एका रेस्टॉरंटमध्ये. दोन्हींची नावं इथे नकोत. या चौदा वर्षांत मॅनेजरला जे काही पोखरत जातं, त्यातलं फार थोडं त्याच्या स्वभावातून येतं असं माझं मत झालं आहे. बाकी सगळं त्या खुर्चीत आधीच ठेवलेलं असतं. बसेल त्याला लागतं.

खिळ्याची गोष्ट सांगितली तर हे नीट कळेल.

मी या लाइनीत आलो तेव्हा ऑर्डर ओरडून जायची. वीस वर्षांचा ओडिशाचा पोरगा खिडकीत तोंड घालून ‘दो मसाला, एक उत्तप्पा, जल्दी’ म्हणून ओरडणार आणि आत पन्नाशीचा मास्टर तव्यावर पाणी मारत ते ऐकणार. ‘जल्दी’ या शब्दाने मास्टरचं डोकं फिरायचं. कालचा पोरगा मला हुकूम सोडतो! मग तो मुद्दाम दुसऱ्या वेटरची ऑर्डर आधी काढायचा. पहिल्याचं टेबल बोंबलायचं, पोरगा पुन्हा खिडकीत, आवाज आणखी वर. एकदा उलथणं भिरकावलं गेलं आणि थोडक्यात कान वाचला. आम्ही दोघांनाही समजावायचो, दम द्यायचो, एकदा तर दोघांना एका ताटात जेवायला बसवलं. काही फरक पडला नाही. पुढे शेटने छापील केओटी बुकं, म्हणजे ऑर्डरच्या चिठ्ठ्यांची पुस्तकं, आणली आणि खिडकीच्या फळीवर बिलं टोचायचा एक खिळा उभा केला. वेटरने चिठ्ठी लिहायची, खिळ्याला टोचायची, तोंड बंद ठेवायचं. मास्टर आपल्या सवडीने चिठ्ठ्या बघणार, चार मसाल्याच्या ऑर्डरी एकत्र तव्यावर टाकणार. महिन्याभरात भांडणं निम्म्यावर आली. माणसं तीच, पगार तोच, भटारखान्यातला मे महिना तोच.

याचं श्रेय मी शेटच्या हुशारीला द्यायचो. नंतर वाचनात आलं की हा शोध माझ्या जन्माच्या आधीचा आहे. विल्यम फूट व्हाइट नावाच्या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने १९४०च्या दशकात शिकागोतल्या रेस्टॉरंटांचा अभ्यास केला होता. तिथल्या वेट्रेस कामावर रडायच्या, आचारी खेकसायचे, आणि सगळ्यांची समजूत अशी की बायका नाजूक नि आचारी तापट. व्हाइटने दाखवून दिलं की प्रश्न स्वभावाचा नाही. कमी मानाच्या माणसाने जास्त मानाच्या माणसाला तोंडावर हुकूम द्यायचा, ही कामाची मांडणीच चुकली आहे. मध्ये चिठ्ठी आणि ती अडकवायला साधी टोचणी आली की हुकूम माणसाकडून येत नाही, कागदाकडून येतो. आणि कागदावर कोणी चिडत नाही. त्याचं पुस्तक १९४८ मध्ये आलं. पुढे १९६२ मध्ये एलियास पोर्टर यांनी ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’मध्ये याच टोचणीची बोधकथा लिहिली. शिकागोत तोडगा निघाला तो फळीवर, वेट्रेसच्या फुप्फुसात नाही.

वेटर आणि मास्टर यांच्यामध्ये खिळा आला. शेट आणि गिऱ्हाईक, शेट आणि स्टाफ, स्टाफ आणि गिऱ्हाईक, हॉटेल आणि सरकार, यांच्यामध्ये मात्र अजून कोणी खिळा ठोकलेला नाही. तिथे मॅनेजर उभा आहे. जो येतो तो त्याच्यातच आपली चिठ्ठी टोचून जातो.

त्याला हाक कशी मारतात तेवढं ऐका. गिऱ्हाईक म्हणतं, ‘ओ शेट, बघा जरा इकडे.’ वेटर म्हणतो ‘साहब’. आणि खरा शेट फोनवर म्हणतो, ‘अरे, काय चाललंय?’ एका मिनिटात माणूस मालक होतो, अधिकारी होतो आणि पोऱ्याही होतो. तिन्ही भूमिकांची जबाबदारी खरी असते, अधिकार मात्र तिसऱ्याच भूमिकेइतका.

एका रविवारचं सांगतो. मे महिना, रात्रीचे साडेनऊ, अर्नाळ्याच्या आणि राजोडीच्या रिसॉर्टांवरून परतणारी गर्दी, बाहेर नाव पुकारायची वाट बघत आठ कुटुंबं. सात नंबरच्या टेबलवरून तळलेलं पापलेट परत आलं. मी आत जाऊन वास घेतला. गिऱ्हाईकाचं खरं होतं. साडेसहाशेचा मासा. बिलातून उडवावा तर रात्री शेट विचारणार, ‘कोणाला विचारून?’ न उडवावा तर तो माणूस घरी पोचायच्या आत मोबाइलवर एक तारा देणार, आणि सकाळी शेट विचारणार, ‘हे काय?’ म्हणून शेटला फोन लावला. शेट लग्नात होते. डीजेचा आवाज येत होता. दोनदा कट झाला. तोवर ते गृहस्थ काउंटरशी येऊन उभे, मागे बायको, कडेवर झोपलेलं मूल. ते रागावलेसुद्धा नव्हते. फक्त म्हणाले, ‘तुम्ही मॅनेजर आहात ना?’

या प्रश्नाला उत्तर नव्हतं. तेव्हाही नव्हतं, नि त्याआधीही तो दर आठवड्याला कोणीतरी विचारत आलं होतं. त्या दिवशी आम्ही पाचशेच्या वर पानं वाढली असतील, त्याने मी थकलो; पण रात्री गादीवर डोळे टक्क उघडे राहिले ते त्या एका पापलेटने.

थकवा आणि ताण या दोन वेगळ्या वस्तू आहेत, आणि आपण त्यांची सारखी गल्लत करतो. थकवा झोपेने जातो. ताण झोपच येऊ देत नाही. रॉबर्ट करासेक यांनी १९७९ मध्ये मांडलेली गोष्ट साधी आहे: कामाचा रेटा मोठा असणं हे एकट्याने माणसाला मोडत नाही, रेटा मोठा आणि हातात निर्णय काहीच नाही, ही जोडी मोडते. लंडनमध्ये १९६७ पासून सरकारी नोकरांवर झालेल्या व्हाइटहॉल अभ्यासातही तेच निघालं. हृदयविकाराने जास्त मरत होते ते वरचे साहेब नव्हते, खालच्या पायरीवरचे कारकून होते. ‘एवढी मोठी जबाबदारी, म्हणून एवढा ताण’ हे वाक्य आपण साहेबलोकांच्या तोंडून ऐकतो. आकडे उलटं बोलत होते.

हे मला पुस्तकातून पटायच्या आधी पुराने पटवलं. जुलै २०१८. वसई-विरार पाण्याखाली गेलं तो आठवडा इथल्या कोणाला विसरता येणार नाही. नालासोपाऱ्याला रुळांवर पाणी, लोकल बंद, लांब पल्ल्याच्या गाड्या जागच्या जागी, वीज गेलेली, आणि दुसऱ्या दिवसापासून मोबाइलची रेंजही गेली. मी तेव्हा लॉजवर होतो. बावीस खोल्या आणि माणसं ऐंशी. कोणी सुरतेचं, कोणी डहाणूचं, एक बाई तर बाळंतीण मुलीला भेटायला निघालेली. शेट अंधेरीला, फोन लागत नाही. जनरेटरला डिझेल मोजकं. मी ठरवलं: खोलीचं भाडं अर्धं, हॉलमध्ये झोपेल त्याला फुकट, फ्रिजरमधलं सगळं आजच शिजवायचं, लिफ्ट बंद, पंप दिवसातून दोनदा. कोणाला विचारलं नाही, विचारणार कोणाला? तीन दिवस मी दोन-दोन तास झोपलो. आणि खरं सांगतो, चौदा वर्षांत इतका निवांत मी कधीच नव्हतो. चौथ्या दिवशी रेंज आली. पहिला फोन शेटचा. ‘अर्धं भाडं कोणी सांगितलं?’ पोटात तो ओळखीचा गोळा परत आला.

आता यावर एक आक्षेप येतो, आणि तो आमच्याच लोकांकडून येतो. हॉटेल लाइन अशीच असते. ज्याला झेपत नाही त्याने येऊ नये. दाखला म्हणून कोणीतरी निवांत मॅनेजर दाखवला जातो. असा एक माझ्याही ओळखीचा होता, नायगावकडे. कितीही गर्दी असो, हा तोंडात बडीशेप टाकून हसतोय. आम्ही म्हणायचो, काय शांत डोकं आहे! बऱ्याच वर्षांनी कळलं की त्याचे शेट दुबईला असायचे, वर्षातून दोनदा यायचे आणि महिन्याचा हिशेब एकदाच बघायचे. शांत डोकं मलाही चाललं असतं, दुबईच्या शेटसकट.

तासांचा हिशेब त्याहून सोपा आहे, म्हणून त्यावर कमी बोलतो. पण तोही एकदा मांडायला हवा. आमच्याकडे ‘ब्रेक शिफ्ट’ चालते. सकाळी अकरा ते चार, मग संध्याकाळी सात ते रात्री साडेबारा. कागदावर साडेदहा तास. पण मधले तीन तास घरी जाऊन येण्यात आणि टँकरच्या फोनमध्ये जातात. दिवस साडेतेरा तासांचा होतो. त्यात हे गाव उलटं चालतं. सगळं विरार पहाटेपासून चर्चगेटकडे लोटतं आणि रात्री नऊ-दहाला परत येतं. गाव परत येतं तेव्हा आमचा धंदा सुरू होतो. मॅनेजर घरी पोचतो तेव्हा मुलं झोपलेली, तो उठतो तेव्हा शाळेत गेलेली. माझ्या मुलीच्या दुसरी-तिसरीच्या वर्षांतला तिचा झोपलेला चेहराच मला जास्त आठवतो.

जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये मिळून एक अभ्यास प्रसिद्ध केला. आठवड्याला पंचावन्न किंवा अधिक तास काम करणाऱ्यांना, पस्तीस ते चाळीस तास काम करणाऱ्यांपेक्षा पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मरण्याचा धोका १७ टक्क्यांनी जास्त, असा त्यांचा निष्कर्ष. साडेदहाला सातने गुणून बघा. सातच का? कारण साप्ताहिक सुट्टी आम्हाला असते ती ‘सीझन संपल्यावर’. उन्हाळा संपला की पावसाळी सहली, मग गटारी, मग गणपती, दिवाळी, नाताळ, एकतीस डिसेंबर. सीझन संपतो श्रावणात. तेव्हा मासे-मटण बंद, धंदा मंद, आणि ‘आत्ता सुट्टी घेतलीस तर पगार कुठून देऊ?’

कायदा नाही का? आहे. महाराष्ट्राचा दुकाने व आस्थापना कायदा, २०१७ चा. मूळ कायद्यात दिवसाला नऊ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस, सलग चोवीस तासांची साप्ताहिक सुट्टी, जादा कामाला दुप्पट दर, आणि विश्रांती धरून कामाचा दिवस एरवी साडेदहा तासांच्या आत संपला पाहिजे, असं होतं. म्हणजे ब्रेक शिफ्टचा विचारही कायद्याने केला आहे. हे सगळं वाचून मला एकदा फार आनंद झाला होता. तो आनंद कलम तीनपर्यंत टिकला. गोपनीय, व्यवस्थापकीय किंवा देखरेखीच्या स्वरूपाचं काम करणाऱ्याला हा कायदा लागू नाही. म्हणजे माझ्या हाताखालच्या वेटरला तेव्हा नऊ तास. मला दिवसाच्या चोवीस तासांतले कितीही. त्यात हा कायदा तेव्हा मुख्यतः दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांचा. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने तो आकडा वीसवर न्यायला आणि दिवसाचे तास दहा करायला मान्यता दिली. आमच्या पट्ट्यात वीस माणसांच्या आतली हॉटेलं किती आहेत, हे स्टेशनबाहेर उभं राहून नुसतं मोजलं तरी समजेल.

मॅनेजर हा कामगार नाही, यामागचं तत्त्व चुकीचं नाही. ज्याच्या हातात कारभार आहे, त्याला मालकाच्या बाजूला धरायचं. न्यायालयांनीही हे पद नुसत्या नावावर सोडलेलं नाही. कॅरोना साहू या बूट कंपनीच्या एका दुकानाच्या मॅनेजरचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला होता, त्याचा निकाल १९९४ चा. हुद्द्याचं नाव महत्त्वाचं नाही, मुख्य काम कशा स्वरूपाचं आहे ते बघा, असं न्यायालयाने म्हटलं. आणि काम बघून, हा मनुष्य कामगार नाही असंच ठरवलं, कारण दुकानाचा कारभार खरोखर त्याच्याकडे होता. माझं म्हणणं एवढंच, की ही कसोटी आमच्या गल्ल्याला लावा. साडेसहाशेचं पापलेट ज्याला उडवता येत नाही, ज्याने नेमलेला हेल्पर शेटच्या मेहुण्याने काढून टाकला तर दोन दिवसांनी कळतं, तो कारभारी कसला? मॅनेजर ही पदवी देऊन त्याच्याकडून कामगाराचं संरक्षण काढून घेतलं, आणि मालकाचा अधिकार दिलाच नाही. पगारवाढ मागायला गेलो की शेट म्हणतात, ‘तू तर घरचाच आहेस.’ घरच्या माणसाला ओव्हरटाइम कोण देतं?

संघटनेचंही तसंच. मालकांची ‘आहार’ आहे. १४ जुलै २०२५ रोजी दारूवरच्या करवाढीविरुद्ध राज्यभरातले परमिट रूम एक दिवस बंद राहिले, सगळ्यांनी बातम्या पाहिल्या. हॉटेल कामगारांच्या चळवळीला इतिहास आहे. जॉर्ज फर्नांडिस यांनी कामाला सुरुवातच मंगळुरात हॉटेल आणि वाहतूक कामगारांपासून केली होती. मॅनेजरांची सभा मात्र मी आयुष्यात एकच पाहिली. तिच्यात आम्ही डोळे मिटून श्वास मोजत होतो.

हसण्याचं राहिलं. आर्ली हॉकशील्ड यांनी १९८३ मध्ये विमानातल्या हवाईसुंदऱ्यांवर ‘द मॅनेज्ड हार्ट’ नावाचं पुस्तक लिहिलं. हसरा चेहरा हेही पगारी काम आहे आणि त्याची झीज होते, हा त्याचा गाभा. हवाईसुंदरी निदान विमान उतरल्यावर मोकळी होते. धुळवडीच्या दिवशी किनाऱ्यावरच्या रिसॉर्टचा मॅनेजर काय करत असतो, बघा. सकाळी आठपासून मुंबईहून गाड्या. पोहे-चहाचं कुपन हरवलं म्हणून भांडण, तलावात कपडे घालून उतरतात म्हणून भांडण, दुपारी दोननंतर दारूची. कोणी समुद्राकडे निघाला की याच्या छातीत धस्स होतं, कारण बुडाला तर पोलीस आधी यालाच बोलावणार. परवान्यावर नाव शेटचं, जबाबात नाव मॅनेजरचं. आणि तोंडाने सतत, ‘सर, प्लीज सर, सॉरी सर.’ हे सॉरी पोटात साचतं आणि कुठेतरी सांडतं.

माझं कुठे सांडलं ते सांगणं भाग आहे, नाहीतर हा लेख नुसतं गाऱ्हाणं होईल. मोरीवर एक पोरगा होता, अठरा-एकोणीसचा, जव्हारकडचा. एका शनिवारी रात्री त्याच्या हातून काचेच्या ग्लासांचा अख्खा ट्रे गेला. त्याआधी पाऊण तास एक गिऱ्हाईक मला सर्वांदेखत वाटेल ते बोलून गेलं होतं आणि मी हसत उभा होतो. मी मोरीत गेलो आणि त्या पोराला जे बोललो, ते त्या गिऱ्हाइकाचेच शब्द होते. नंतर आठवून बघितलं, अगदी तेच. पोरगा काही बोलला नाही. वाकून काचा वेचत राहिला. सकाळी त्याची पत्र्याची पेटी गेलेली. वीस दिवसांचा पगार न घेता गेला. तो पगार मी बरेच महिने पाकिटात घालून ड्रॉवरमध्ये ठेवला होता. कोणी आलं नाही. फॉर्मवरच्या ‘स्वभाव’ या चौकोनात खूण करायची तर मी ही एक करीन.

शेटची बाजू मी विसरलेलो नाही. आता हिशेब लिहितो तेव्हा तर ती रोज दिसते. भाडं, परवाने, गॅस, उचल घेऊन गावी गेलेली माणसं. पाणी तर विचारूच नका. सूर्या प्रकल्पातून वसई-विरारच्या वाट्याला दिवसाला १८५ दशलक्ष लिटर असं ठरलं, तरी हॉटेलच्या मागच्या गल्लीत टँकरचा पाइप अजून आडवा असतो. हायवेच्या काँक्रिटीकरणात गाड्या तासन् तास अडकल्या तेव्हा ठरलेल्या बुकिंगचं जेवण फेकून द्यावं लागलेलं मी पाहिलं आहे. शेटचा ताण खरा आहे. फरक असा की त्या ताणाच्या शेवटी हॉटेल त्याचं असतं. मराठीत हॉटेल धंद्यावर जे वाचलं जातं, त्यात विठ्ठल कामतांचं ‘इडली, ऑर्किड आणि मी’ पहिलं. ते मालकाचं पुस्तक आहे आणि वाचताना हुरूप येतो. शून्यातून उभं राहणं ही मालकाची गोष्ट. गल्ल्यावर बसून चौदा वर्षांनी गल्ल्यावरून उठणं, याची गोष्ट कोणी लिहिणार नाही, आणि लिहिली तर खपणार नाही.

आणि श्वासाबद्दलही खोटं बोलत नाही. उपयोग होतो. मी शेवटची काही वर्षं पहाटे राजोडीच्या किनाऱ्यावर चालायला जायचो. सुरूच्या झाडांखालून तासभर चाललं की आदल्या रात्रीचं निम्मं उतरायचं. पण उतरायचं म्हणजे काय, तर रात्री पुन्हा चढायला जागा व्हायची. व्यायाम वाईट नाही. व्यायाम सांगून सुट्टी टाळणं वाईट.

दुसऱ्या हॉटेलात मला एक खिळा मिळाला होता, त्याचं सांगून थांबतो. तिथले थोरले शेट मूळचे उडुपीकडचे, स्वतः मोरीपासून वर आलेले. पापलेटच्या प्रकारानंतर चार दिवसांनी त्यांनी मला बसवलं आणि एक लहान वही दिली. म्हणाले, ‘रोज पाचशे रुपये तुझे. गिऱ्हाईक नाराज दिसलं, सोड. पोराला ताप आला, औषध आण. वहीत लिही. मी विचारणार नाही. पाचशेच्या वर गेलं तर विचार, आत असेल तर माझं तोंडही बघू नको. आणि मंगळवारी सुट्टी. त्या दिवशी गल्ल्यावर मी स्वतः बसणार, तुझा फोन घरी बायकोकडे.’

पहिल्या रात्री मी त्यातले चाळीस रुपये खर्च केले. एका म्हाताऱ्या बाईंना जेवण उतरत नव्हतं, त्यांना लिंबूसोडा. महिनाअखेरीला वहीतला खर्च कधी पाच हजारांवर गेला नाही; रोजचे पाचशे धरले तर पंधरा हजार जाऊ शकले असते. पैसे हाताशी आहेत म्हटल्यावर ते खर्चायची वेळच कमी येते, असं काहीतरी होतं. गिऱ्हाइकालाही ते कळतं. समोरचा माणूस आपलं ऐकून लगेच ‘हो’ म्हणू शकतो, हे दिसलं की त्याचा आवाज आपोआप खाली येतो. थोरले शेट दर मंगळवारी गल्ल्यावर बसून बुधवारी सकाळी कपाळाला हात लावून सांगायचे, ‘काय लोक येतात रे!’ तीन मंगळवारांत त्यांनी माझा पगार वाढवला, न मागता.

पाच वर्षं हे चाललं. मग कारभार मुलाकडे गेला. मुलगा शिकलेला, कष्टाळू, वागायला गोड. त्याने सोळा कॅमेरे बसवले आणि ते मोबाइलवर घेतले. वही बंद झाली, कारण आता तो कधीही उपलब्ध होता. रात्री अकराला फोन यायचा, ‘अंकल, चार नंबरवर पाणी ठेवलेलं नाही.’ मंगळवारी तोच फोन घरी यायचा. मी सहा महिने काढले.

शिबिरात फॉर्म गोळा करताना व्याख्याते माझ्यापाशी थांबले. ‘इतर’पुढच्या अर्ध्या इंचात मी बारीक अक्षरात ‘पाचशे रुपये आणि मंगळवार’ असं लिहिलं होतं.

‘हे समजलं नाही,’ ते म्हणाले. खरोखर समजून घ्यायचं होतं त्यांना, चष्मा काढून उभे राहिले. मी सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात साडेपाच झाले आणि चाळीस खुर्च्या एकदम मागे सरकल्या.